मशिनवाला पैलवान

मी शिलाई मशिन विकायचो. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके माझी 'लाइन'. लाइन म्हणजे विक्रेत्याला वाटून दिलेला मुलूख. त्याच्या आत तुम्ही राजे, आणि बाहेर पाऊल टाकलं की दुसऱ्या विक्रेत्याच्या शिव्या खायच्या. गेल्या वर्षी ही लाइन दुसऱ्याच्या हवाली केली आणि कळंबला घरी बसलो. बसलो असं म्हणायचं एवढंच. अजूनही अधूनमधून फोन येतो, "भाऊ, मशिन टाका सोडतीय, येता का?" आणि मी जातो.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहून द्या असा आग्रह झाला तेव्हा आधी मी नको म्हणालो. मशिन विकणाऱ्याचं काय लिहायचं? दारात उभं राहायचं, पाणी प्यायचं, मशिन चालवून दाखवायचं आणि बहुतेक वेळा तसंच उचलून परत आणायचं. पण मी ज्याच्या नावावर हा धंदा केला, त्या माणसाबद्दल लिहावं असं मात्र खूप दिवस मनात होतं. कुठल्याही गावात जाऊन कंपनीचं नाव सांगितलं की लोक नुसती मान हलवायचे. 'मशिनवाल्या पैलवानाचा नातू' म्हटलं की बसायला घोंगडी टाकली जायची. तो पैलवान म्हणजे माझे आजोबा रघुनाथ. घरात आणि गावात त्यांना सगळे आबा म्हणत.

आमचं घराणं मेंढरांचं. आबांचं लहानपण कळपामागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, उन्हाळा सरत आला की पुन्हा वर यायचं. वाटेत कोकरू दमलं की ते खांद्यावर टाकून चालायचं. अशा चालण्यानं मांड्या आणि मान दगडासारखी झाली. गावच्या तालमीतल्या वस्तादांनी एकदा त्यांना अख्खा मेंढा उचलून कुंपणापलीकडं ठेवताना पाहिलं आणि बापाकडं मागून घेतलं. त्यानंतर दहा-बारा वर्षं आबांनी या पट्ट्यातली एक जत्रा सोडली नाही. नारळाच्या बक्षिसाच्या कुस्तीपासून सुरुवात केली आणि शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत पोचले. चुरगळून कानांची भजी झाली, नाक एकदा मोडलं, आणि घोड नदीपासून कुकडीपर्यंत गावोगाव लोक त्यांना तोंडावरून ओळखू लागले.

मग एका जत्रेत त्यांनी शेवटची कुस्ती मारली, डोक्याला फेटा बांधून घेतला, आणि त्यानंतर आखाड्यात उतरले नाहीत. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "नोकरी लागली, मग कुस्तीला येळ कुठला?" नोकरी खरंच लागली होती. मंचरला एका शेठनं शिलाई मशिनची एजन्सी घेतली होती. मशिन ही वस्तू तेव्हा खेड्यात फक्त शिंप्याच्या दुकानात दिसायची. ती घरात न्यायची, बायकांना शिकवायची, तर आधी घरात शिरता आलं पाहिजे. परका माणूस पेटी घेऊन आला तर कोण दार उघडणार? शेठनं हिशेब केला, की ज्याच्या कुस्त्या घरातल्या पुरुषांनी खांद्यावर पोरं बसवून पाहिल्या आहेत, त्याला पाणी विचारल्याशिवाय कुणी परत पाठवणार नाही.

शेठचा हिशेब बरोबर निघाला, पण आबांना सुईत दोरा ओवता येईना. त्यांची बोटं अशी, की चिमटीत धरलेली सुई दिसायचीच नाही. शेठच्या दुकानात बसून ते दोरा ओवायला शिकले. सहा फुटी पैलवान, जीभ दातांत धरून, एक डोळा मिटून सुईच्या नेढ्यात बघतोय, हे पाहायला मंचरचे लोक मुद्दाम दुकानावरून जायचे. पुढं हेच त्यांच्या कामाला आलं. गावात गेले की आधी मशिन चालवायचे नाहीत. सगळ्या बायका जमल्या की खाली मांडी घालून सुई ओवायला बसायचे. एकदा चुकायचं, दोनदा चुकायचं, आणि पदराआड खसखस पिकायची. मग एखादी धीट बाई पुढं होऊन म्हणायची, "सरका पैलवान, द्या इकडं." बाईनं मशिनला हात लावला की आबा गप्प बसायचे. अर्धं काम झालेलं असायचं.

मला धंदा शिकवताना ते कुस्तीच्या भाषेत शिकवायचे. "गिऱ्हाइकाला पैल्या झटक्यात पाडाया जायचं न्हाई. आधी खडाखडी. हात घ्यायचा, हात सोडायचा. त्याचा जोर कुठल्या पायावर हाय ते बघायचं." खडाखडी म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीला दोघं एकमेकांना नुसते चाचपून बघतात ते. मी पुढं कंपनीच्या कितीतरी ट्रेनिंगना गेलो, वातानुकूलित हॉलमध्ये बसलो, जेवणं झोडली. तिथं जे सांगितलं ते वाईट नव्हतं, पण एवढं थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

त्या काळातलं हातमशिन म्हणजे बिडाचा जड ठोकळा, खाली लाकडी बैठक आणि वर लाकडी झाकण. गाडीरस्ता असेल तिथवर बैलगाडी, पुढं पायवाट. आबा मशिन खांद्यावर टाकायचे आणि चालू लागायचे, कोकरू टाकावं तसं. ते असं कितीतरी डोंगरगावांत गेले, पण आहुप्याची गोष्ट मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळाली, म्हणून तीच सांगतो.

आहुप्यात हौसाबाई नावाच्या बाईनं घोडेगावच्या बाजारात मशिन चालताना पाहिलं आणि नवऱ्यामागं धोशा लावला. आबा मशिन घेऊन डोंगर चढले, देवराईच्या सावलीत जरा टेकले आणि गावात पोचले. सगळं गाव अंगणात जमलं. झाकण काढलं, कापड लावलं, आणि आबांच्या लक्षात आलं की बॉबिन केस नाही. शिलाई मशिनमध्ये दोन दोरे असतात. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालून, एका छोट्या डबीतल्या रिळावरून. दोघांची गाठ पडली तर टाका बसतो. ती खालची डबी म्हणजे बॉबिन केस, अंगठ्याएवढी. ती वाटेत कुठंतरी पडली होती आणि डोंगरभर ती शोधणं शक्य नव्हतं.

आबांनी सरळ सांगितलं, "माझ्या हातनं हरवलं. मशिन हितं ठिवतो, खालनं दुसरं आणतो."

हौसाबाईचा नवरा म्हणाला, "आन् आमी मशिन घिऊन पळालो तर?"

"एवढं वजन घिऊन जाशील कुठं, राव? मी वाटंतच गाठीन की तुला."

आबा तसेच मंचरला गेले, डबी घेतली आणि परत चढले. अंगणात आले तर मशिनला हळदकुंकू लावलेलं, आणि हौसाबाई दोऱ्याशिवाय नुसतंच चाक फिरवत कापड सरळ रेषेत सरकवत होती. आबांनी डबी बसवली, तिनं स्वतः दोरा ओवला, आणि पहिल्याच फटक्यात चोळीची बाही शिवली. "त्या दिवशी मला मशिन विकायचं कामच पडलं न्हाई," असं आबा सांगायचे.

पुढं रस्ता झाल्यावर मी मोटारसायकलवरून आहुप्याला गेलो तेव्हा हौसाबाई थकली होती, पण मशिन चालू होतं. मी ओळख सांगितली. ती माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "कान तसं न्हाईत तुजं." मग म्हणाली, "तुझ्या आजानं मला काय बी शिकवलं न्हाई बरं. तो येस्तवर मी शिकले व्हते." मी कबूल केलं. तिनं मला नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि मशिनमध्ये तेल घालून घेतलं.

आता माझी सुरुवात. आबा म्हातारे झाले, शेठ गेले, त्यांच्या मुलाकडं एजन्सी आली, आणि मी कॉलेज अर्धवट सोडून त्याच्याकडं लागलो. त्यानं आबांच्या नावाकडं बघून मला घेतलं खरं, पण पहिले काही महिने माझ्या हातून फारसं काही खपेना. मी फार बोलायचो. आबांची खडाखडी ऐकली होती, पण अंगात मुरली नव्हती. एक दिवस मालकानं सरळ सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बघतो, नाम्या. मग दुसरा माणूस लावीन." माझं नाव नामदेव, पण मला नामदेव कुणी म्हटलेलं आठवत नाही.

अशात बातमी आली की पिंपळवंडीत सुमन नावाची एक सून शिवणक्लास काढतेय. नारायणगावला शिकून आलेली. महिला मंडळानं तिच्या क्लाससाठी पाच-सहा मशिनं एकदम घ्यायचं ठरवलं होतं आणि क्लास तिच्याच घराच्या पडवीत भरणार होता. हे काम झालं असतं तर माझी नोकरी पक्की होती. मी स्कूटर काढली आणि पिंपळवंडी गाठली.

पडवीत एक म्हातारा दावं वळत बसला होता. अंग वाळलेलं, पण मान अजून जाड. आणि कान आबांसारखेच चुरगळलेले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"कुठलं पावणं?"

"कळंबचा. मशिनवाल्या पैलवानाचा नातू."

म्हाताऱ्यानं दावं खाली ठेवलं. घोंगडी काही टाकली नाही. "पाणी पी आन् जा," तो म्हणाला. "कळंबच्या पैलवानाची मशिन ह्या पडवीत यायची न्हाई."

आतून सुमनताई बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, हातांवर अजून पिठाचे डाग. सासऱ्यांना त्या मामा म्हणायच्या. "मामा, मंडळाचं ठरलंय. हीच मशिन चांगली असती म्हणून मी पसंत केलीय."

"मग मंडळानं आपल्या घरात ठिवावी. माझी पडवी सोडून."

मी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हातारा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मी सखाराम. तुझ्या आजाला नाव सांग. त्याला इचार, माझी पाठ लागली व्हती का. आन् लागली व्हती, तर मी परत कुस्ती मागितली तवा तो आला का न्हाई? वर्सभर निरोप धाडलं मी. पैलवान मशिनी इकत हिंडत व्हता बायकांत."

निकाली कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला लागली की तो हरला. पण दोघंही धुळीत लोळत असतात, गर्दी आरडत असते, आणि पाठ लागली की नाही हे पंचांनी डोळ्यांनी ठरवायचं असतं. त्यावरून या भागात पिढ्यान्पिढ्या भांडणं चालतात. मला त्या वेळी एवढंच कळलं, की माझी नोकरी मी जन्माला यायच्या आधीच्या एका कुस्तीत अडकली आहे.

संध्याकाळी घरी येऊन आबांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी आधी विचारलं, "सखाराम जिता हाय व्हय?" आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा कुणी जुना मित्र भेटल्यावर उजळावा. जेवण झाल्यावर म्हणाले, "उद्या मला घिऊन चल. एक मशिन बी घे."

सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला. स्कूटरच्या पुढच्या फळीवर मशिन, मागं आबा. नारायणगाव ओलांडलं. मला भीती एकच होती, की दोन म्हातारे भांडतील आणि ती पाच-सहा मशिनं कायमची जातील.

सखाराम पैलवान पडवीतच होते. आबांना बघून उठले नाहीत. आबा स्वतःहून पायरीवर बसले.

"रघुनाथ, म्हातारा झालास."

"तू बी काय कोवळा न्हाईस राह्यलेला."

मग सुरू झालं. सखाराम म्हणाले पाठ लागली नव्हती, कुशीवर होतो. आबा म्हणाले पंचांनी फेटा मला बांधला. सखाराम म्हणाले पंच तुमच्या अंगानं. आबा म्हणाले पंच तुझ्या शेजारच्या आळे गावचा होता, तुझ्याच अंगाचा. चहा आला, निवला, पुन्हा आला. शेजारचे लोक येऊन अंगणात बसले. कुणी ती कुस्ती पाहिलेली नव्हती, तरी दोन बाजू पडल्या. सुमनताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मामा, पाठ लागली का न्हाई ते तुमी दोघं सवडीनं ठरवा. मला सोमवारी क्लास चालू करायचाय."

अंगणात हशा पिकला. सखारामांना ते झोंबलं असावं. त्यांनी आबांकडं बघितलं आणि म्हणाले, "तू मशिन खांद्यावर टाकून डोंगर चढायचास म्हणं. लई कवतिक ऐकलं. आता मारुतीच्या देवळापासनं हितवर आण. न थांबता. आणलीस तर पडवी तुझी."

मी मध्ये पडलो. आबांचं वय सत्तरीच्या पुढं. मशिनचं वजन मला माहीत होतं, रोज उचलायचो. आबांनी मला हातानं गप्प केलं. "चल," ते म्हणाले.

मारुतीच्या देवळापाशी मी मशिन त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवलं. त्यांनी एक हात वर नेऊन बैठक धरली आणि चालायला सुरुवात केली. मला आश्चर्य वाटलं. पाऊल सरळ पडत होतं, श्वास लांब होता. लोक दोन्ही बाजूंनी चालत होते, आणि सखाराम पैलवान पंचासारखे त्यांच्या बरोबरीनं, डोळे आबांच्या पायांवर. गिरणीपर्यंत सगळं नीट गेलं. गिरणीपाशी गल्ली वळते. आबांनी वळण घ्यायला डावा पाय रोवला, अंग फिरवलं, आणि गुडघा एकदम आतल्या बाजूला गेला.

ते पडले नाहीत. तिथंच थिजल्यासारखे उभे राहिले, मशिन खांद्यावर, कपाळावर घाम. मी धावलो, पण त्याआधी सखारामांनी दोन्ही हात मशिनच्या खाली घातले होते.

"गुडघा कधीचा?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

आबांनी डावा पाय चाचपडत सरळ केला.

"रघुनाथ, गुडघा कधीचा?"

"त्याच दिवसाचा," आबा म्हणाले. "तू अंगावर आलास तवा मुडपला. सरळ चालाया काय व्हत न्हाई. वळाया गेलं की जातो."

ज्याला आखाड्यात पाऊल वळवता येत नाही त्याची कुस्ती संपली, हे मलाही कळत होतं. सखाराम तर पैलवान होते. आबा कुस्ती का सोडून गेले, सरळ चालत डोंगर चढण्याचं काम त्यांनी का धरलं आणि फेर कुस्तीला का आले नाहीत, या सगळ्याचं उत्तर त्या वळणावर सखारामांना मिळालं. मलाही तेव्हाच मिळालं. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मग सांगायचं नव्हतं का?" सखाराम म्हणाले.

"काय सांगायचं? तुला पाडलं ते पाडलं, पर मोडलो मी, असं? समद्या मुलखात?"

"वर्सभर निरोप धाडलं मी. शिव्या दिल्या तुला."

"पोचल्या की," आबा म्हणाले.

सखारामांनी मशिनची एक बाजू आपल्या खांद्यावर घेतली. दोन म्हातारे, एक उंच एक बुटका, मध्ये तिरपं झालेलं मशिन, असे ते उरलेली गल्ली चालले. मी धरतो म्हणालो तर दोघांनी एकदम "बाजूला सर" म्हटलं. पडवीत पोचल्यावर सुमनताईंनी जागा दाखवली आणि मशिन खाली ठेवलं गेलं. पैज कुणी जिंकली हे कुणी विचारलं नाही.

आबांनी खिशातून दोरा काढला. सुई ओवायला लागले, पण डोळ्यांना दिसेना. चष्मा ते घरी विसरले होते. सखारामांनी आपला चष्मा काढून दिला. तो लावून आबा पहिल्या फटक्यात ओवून मोकळे झाले. आयुष्यभर लोकांसमोर चुकत आलेला माणूस त्या दिवशी चुकला नाही, कारण आता विकायचं काही उरलं नव्हतं.

दसऱ्याआधी पिंपळवंडीत क्लास सुरू झाला आणि माझी नोकरी टिकली. त्या क्लासमधून शिकून गेलेल्या बायका आज दोन्ही तालुक्यांत पसरल्यात. कुणी ब्लाउज शिवते, कुणी शाळेचे गणवेश, एकीचं आळेफाट्याला स्वतःचं दुकान आहे. या धंद्यात विकलेली वस्तू पुन्हा पुन्हा भेटते, म्हणून विकताना खोटं बोलून चालत नाही. पुढच्या वर्षी त्याच दारात उभं राहायचं असतं.

मधल्या काळात रेडिमेड कपडे आले आणि आमचा धंदा बसला. बाजारात शर्ट शिलाईच्या मजुरीपेक्षा स्वस्त मिळू लागला. घराघरांत मशिनवर टीव्ही ठेवलेले मी पाहिलेत, एका घरी तर कोंबडी अंड्यांवर बसली होती. वाईट वाटायचं. मग कोरोना आला, सगळं बंद झालं, आणि गावोगाव बायकांनी टीव्ही खाली उतरवून मास्क शिवायला घेतले. त्या महिन्यांत माझा फोन थांबत नव्हता. पट्टा तुटला, सुई मोडली, तेल कुठलं घालू. मी फोनवरूनच सांगायचो. माझ्या साऱ्या नोकरीत मला इतकं महत्त्व कधी आलं नव्हतं, आणि त्या काळात मी एकही मशिन विकलं नाही.

हे सगळं फार पुढचं. आबा आणि सखाराम पैलवान मात्र पडवीतल्या त्या दिवसानंतर सुटे राहिले नाहीत. मी पिंपळवंडीच्या बाजूला निघालो की आबा मागं बसायचे. जत्रेच्या दिवसांत दोघं आखाड्याच्या कडेला शेजारी शेजारी बसून नव्या पोरांना नावं ठेवायचे. आणि पाठ लागली की नाही हे भांडण चालूच होतं. गुडघ्याबद्दल कळलं म्हणून सखारामांनी पाठीबद्दल माघार घेतली नव्हती. उलट सुमनताई सांगायच्या, आबा येणार असले की मामा सकाळपासून मुद्दे आठवत बसतात.

आबा पिकल्या पानासारखे गेले, दुपारच्या झोपेत. आमच्याकडं दहाव्याला नदीच्या काठी प्रवचन असतं आणि नंतर लोक माइकवर चार शब्द बोलतात. घोड नदीच्या घाटावर त्या दिवशी पुष्कळ गर्दी झाली. पुढारी बोलले, तालमीचे लोक बोलले, आबा कसे दिलदार होते, अजिंक्य होते, वगैरे. सखाराम पैलवान पुढच्या रांगेत काठी धरून बसले होते. अजिंक्य हा शब्द आल्यावर त्यांनी हात वर केला. लोकांनी धरून उभं केलं, माइक हातात दिला.

"समदे म्हणत्यात म्हणून सांगतो," ते म्हणाले. "रघुनाथनं मला पाडला न्हाई. माझी पाठ लागली नव्हती. मी त्याला हे लई वर्सं सांगत आलो, त्यानं ऐकलं न्हाई." मग त्यांनी काठी नीट टेकवली. "आता मी सांगायचं कुणाला?"

एवढं बोलून ते खाली बसले. आधी कुणीतरी हळूच हसलं, मग माझे वडील हसले, आणि मग सगळा घाट डोळे पुसत हसायला लागला.

त्यांना घरी सोडायला मी गेलो. तोवर मालकानं माल पोचवायला पिकअप घेतली होती. सखारामांना पुढं माझ्या शेजारी बसवलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. उसाच्या गाड्या चालल्या होत्या, रस्ता तुंबला होता, मी हळूहळू चालवत होतो. नारायणगाव मागं पडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "नाम्या."

"जी."

"एक खांदा टेकला व्हता." थोड्या वेळानं म्हणाले, "डावा."

मी गिअर बदलला.

"पर एका खांद्यानं पाठ व्हत न्हाई," ते म्हणाले, आणि मी त्यांना हो म्हटलं.